मध्ययुगीन लॅटिन तत्त्वज्ञान व गूढवाद : कोकण किनाऱ्याशी संबंध

पश्चिम यूरोपात इ. स. सु. पाचव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लॅटिन भाषेच्या माध्यमातून जे तत्त्वचिंतन झाले, त्यास सामान्यतः मध्ययुगीन लॅटिन तत्त्वज्ञान असे म्हटले जाते. या चिंतनाचे दोन प्रवाह होते. पहिला प्रवाह विद्यापीठांतील वादपद्धतीचा असून ‘स्कोलॅस्टिक’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. दुसरा प्रवाह ध्यान, दिव्यदर्शन आणि ईश्वराशी ऐक्य यांचा म्हणजे गूढवादाचा होय. तर्काचा प्रवाह आणि अनुभवाचा प्रवाह परस्परविरोधी होते, ही समजूत रूढ असली, तरी ती बरोबर नाही. अनेकदा एकाच मठातील, किंबहुना एकाच व्यक्तीच्या लेखनातील, त्या दोन बाजू होत्या. या परंपरेचा कोकणाशी प्रत्यक्ष संबंध दोन वेळा आला : एकदा चौदाव्या शतकात ठाणे–सोपारा येथे आणि पुन्हा सोळाव्या शतकापासून रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील चौल–रेवदंडा येथे.

उगम व स्वरूप : सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने नव-प्लेटो मताला ख्रिस्ती धर्मविचाराची जोड दिली आणि त्यातून या परंपरेचा पाया घातला गेला. बोएथिअसने (सु. ४८०–५२४) ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांची लॅटिन भाषांतरे केली. पुढील कित्येक शतके लॅटिन जगाला ॲरिस्टॉटल मुख्यतः याच भाषांतरांतून परिचित होता. तिसरा स्रोत ग्रीक भाषेतील होता. सु. ५०० मध्ये एका अज्ञात लेखकाने संत पॉलचा शिष्य डायोनिशियस याच्या नावावर काही ग्रंथ लिहिले. ईश्वराचे वर्णन कोणत्याही विशेषणाने करता येत नाही, म्हणून एकेक विशेषण नाकारीत जावे, असे त्यांत प्रतिपादिले आहे. योहानेस स्कोटस एरिजेना याने नवव्या शतकात त्यांचे लॅटिन भाषांतर केले. उपनिषदांतील ‘नेति नेति’ परिचित असलेल्या वाचकाला ही निषेधमार्गी भूमिका ओळखीची वाटेल. तथापि डायोनिशियसच्या विचारात निषेधाच्या अंती सगुण उपासना व धर्मसंस्थेची श्रेणीबद्ध रचना ही दोन्ही टिकून राहतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

बाराव्या शतकात तोलेदो येथे अरबी ग्रंथांची भाषांतरे होऊ लागली आणि इब्न सीना, काही काळाने इब्न रुश्द, तसेच त्यांच्याद्वारे ॲरिस्टॉटलचे अधिभौतिकी व निसर्गविषयक ग्रंथ लॅटिनमध्ये आले. याच सुमारास पॅरिस, बोलोन्या व ऑक्सफर्ड येथील विद्यापीठे उदयास येत होती. श्रद्धेने आकलनाचा शोध घ्यावा, ही अँसेल्मची (१०३३–११०९) भूमिका होती. आबेलारने (१०७९–११४२) परस्परविरोधी प्रमाणवचने समोरासमोर मांडून विचारास चालना देण्याची पद्धती रूढ केली. तेराव्या शतकात टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) याने या सर्व सामग्रीची भव्य मांडणी केली.

या काळातील ग्रंथरचनेचे मूळ घटक म्हणजे ‘क्वेस्तिओ’ अर्थात प्रश्न होय. प्रथम प्रश्न मांडावयाचा, त्याच्या प्रतिकूल युक्तिवाद क्रमाने द्यावयाचे, नंतर त्यांच्या विरुद्ध एखादे प्रमाणवचन ठेवावयाचे, पुढे लेखकाचा निर्णय आणि शेवटी प्रत्येक आक्षेपास उत्तर, असा त्याचा क्रम असे. पूर्वमीमांसेतील अधिकरणाशी (विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, संगती) त्याचे साम्य लक्षणीय आहे. संस्कृत शास्त्रग्रंथ वाचण्याचा सराव असलेल्या मराठी अभ्यासकाला अक्वाय्‌नसचे लेखन अनेकदा पाश्चात्त्य विद्यार्थ्यापेक्षाही सुलभ जाते, ते यामुळेच. नवशिका वाचक पूर्वपक्षालाच लेखकाचे मत समजून चालतो. ही चूक दोन्ही परंपरांच्या अभ्यासात सारखीच आढळते.

दिव्यदर्शनाचे प्रामाण्य : गूढवादी वाङ्‌मयात दर्शनांचे वर्णन विपुल आहे. मात्र मध्ययुगीन विचारवंत दर्शनाचा सरसकट स्वीकार करीत नसत. ऑगस्टीनने उत्पत्तिग्रंथावरील भाष्यात दर्शनाचे तीन प्रकार सांगितले आहेत : डोळ्यांना दिसणारे शारीर दर्शन, मनात प्रतिमारूपाने उमटणारे दर्शन आणि प्रतिमेशिवाय बुद्धीला होणारे साक्षात् ज्ञान. पहिल्या दोहोंत भ्रमास वाव असतो, तिसऱ्यात तो नसतो. पुढील सहस्र वर्षांत जवळजवळ प्रत्येक लेखकाने ही विभागणी गृहीत धरली. एखाद्या जोगिणीला किंवा भिक्षूला काही दिसले, तर ते कोणत्या प्रकारचे, त्याचे फळ नम्रता की अहंकार आणि ते धर्मसंस्थेच्या शिकवणुकीशी जुळते की नाही, हे तपासले जाई. शेवटच्या कसोटीत सत्तेचा प्रश्न दडलेला होता, हे उघड आहे.

हिल्डेगार्ट (१०९८–११७९) ही ऱ्हाइनकाठची मठाधिपती. तिच्या स्कीव्हीआस या ग्रंथातील दर्शने स्वप्नात नव्हे, तर जागृतीत झाली, असे ती आग्रहाने सांगते. पोप तिसरा यूजीन याच्याकडून १२४७-४८ च्या शंभर वर्षे आधी, म्हणजे ११४७-४८ मध्ये, ट्रीर येथील सभेच्या वेळी तिला लेखनास अनुकूलता मिळाली. मार्गरीत पोरेत हिला तशी मिळाली नाही. आत्मा ईश्वरप्रेमात पूर्ण लीन झाल्यावर त्याला सद्‌गुणांच्या बंधनाचीही गरज उरत नाही, अशा आशयाचा ग्रंथ तिने फ्रेंचमध्ये लिहिला. तो मागे घेण्यास नकार दिल्यामुळे १ जून १३१० रोजी पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळण्यात आले. खुद्द अक्वाय्‌नसविषयी अशी हकीकत सांगितली जाते, की डिसेंबर १२७३ मध्ये नेपल्स येथे उपासनेच्या वेळी आलेल्या अनुभवानंतर त्याने लेखणी खाली ठेवली आणि आपण लिहिलेले सर्व आपल्याला आता गवताच्या काडीसारखे वाटते, असे सहकाऱ्याला सांगितले. त्याचा प्रमुख ग्रंथ अपूर्णच राहिला.

कोकणाच्या दृष्टीने यांपैकी सर्वांत महत्त्वाची परंपरा म्हणजे फ्रान्सिस्कन पंथाची. दक्षिण इटलीतील मठाधिपती योआकीम (सु. ११३५–१२०२) याने इतिहासाची तीन युगे कल्पिली होती : पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे. तिसऱ्या युगात ध्यानमग्न व निर्धन भिक्षूंचा संघ अवतरेल आणि शब्दांच्या पलीकडील ज्ञान सर्वांना लाभेल, असे त्याला बायबलच्या चिंतनातून ‘दिसले’ होते. संत फ्रान्सिसच्या (सु. ११८१–१२२६) अनुयायांपैकी अनेकांना हे भाकीत आपल्याविषयीच आहे, असे वाटू लागले. पंथाचा प्रमुख बोनाव्हेंतुरा (सु. १२१७–७४) याने सावध मार्ग काढला. फ्रान्सिसला ला व्हेर्ना पर्वतावर सहा पंखांच्या देवदूताचे दर्शन झाले होते. त्या सहा पंखांचा अर्थ बुद्धीच्या ईश्वराकडील सहा पायऱ्या असा लावून त्याने १२५९ मध्ये एक छोटा, अत्यंत रेखीव ग्रंथ लिहिला. दर्शन आणि तर्क यांचा असा मेळ मध्ययुगात क्वचितच साधला गेला आहे. परंतु पंथातील कडव्या गटाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. ‘स्पिरिच्युअल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटाचा आग्रह असा, की भिक्षूने व्यक्तिशः तर नव्हेच, पण संघ म्हणूनही काहीही बाळगू नये.

ठाण्याचा प्रसंग, १३२१ : तोलेंतीनो येथील टोमासो हा या कडव्या गटातील भिक्षू होता. निर्धनतेच्या आग्रहामुळे इटलीतील आंकोना प्रांतात त्याला आंजेलो क्लारेनो आदी सहकाऱ्यांसह कारावास भोगावा लागला. रेमों गोफ्रेदी हा १२८९ मध्ये पंथाचा प्रमुख झाल्यावर त्याने या भिक्षूंना मुक्त केले आणि आर्मेनियात धर्मकार्यासाठी धाडले. नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण होण्याचा काळही हाच (१२९०). चीनमध्ये कार्य करणाऱ्या मोंतेकोर्व्हीनोच्या जॉनची पत्रे टोमासोने १३०७ मध्ये पोपपुढे मांडली व त्यातून खानबालिकच्या आर्चबिशपपदाची निर्मिती झाली.

वृद्धापकाळी टोमासो पुन्हा पूर्वेकडे निघाला. त्याच्याबरोबर पादुआचा जाकोमो व सिएनाचा प्येत्रो हे फ्रान्सिस्कन, तिफ्लिसचा देमेत्रिओ हा भाषा जाणणारा सहायक आणि जॉर्दान कातालानी हा डोमिनिकन भिक्षू होता. होर्मूझहून त्यांना कोल्लमला जावयाचे होते, पण जहाज ठाण्यास आले. तेथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओदोरिको सांगतो. त्यांपैकी एका घरी चौघे उतरले. जॉर्दान गुजरातकडे गेला असता घरातील एका कलहाच्या निमित्ताने हे चौघे काजीपुढे साक्षीस आले, तेथे धर्मचर्चा निघाली आणि तिचे पर्यवसान एप्रिल १३२१ मध्ये मलिकाच्या आज्ञेने त्यांच्या वधात झाले, असे ख्रिस्ती वृत्तांत सांगतात. जॉर्दानने परतल्यावर त्यांचे अवशेष सोपारा येथे पुरले. काही काळाने पोर्देनोनेचा ओदोरिको ठाण्यास आला व त्या अस्थी चीनमधील झैतून येथे घेऊन गेला.

या प्रसंगाची दोन मुख्य साधने म्हणजे जॉर्दानची पत्रे आणि ओदोरिकोने मे १३३० मध्ये पादुआ येथे सांगून लिहविलेला प्रवासवृत्तांत. दोघांपैकी एकही वधाच्या वेळी उपस्थित नव्हता. ओदोरिकोच्या कथनात जाकोमोला अग्नीत टाकले असता तो अक्षत बाहेर येतो. अस्थी उशाशी घेऊन ओदोरिको निजला असता पेटवलेले घर जळते, पण तो वाचतो. अशा मजकुराची वासलात ‘दंतकथा’ म्हणून लावणे सोपे आहे, पण त्यामुळे अभ्यास पुढे सरकत नाही. उलट संपूर्ण कथन शब्दशः घेणेही अयोग्य ठरेल. हुतात्म्याच्या कथेत अग्निपरीक्षा येणे हा त्या वाङ्‌मयप्रकाराचा संकेत होता आणि श्रोतेही त्याच अपेक्षेने ऐकत असत. पंधरा घरांचा उल्लेख, काजी व मलिक यांच्या अधिकारांतील भेद, सोपाऱ्याचे दफन या तपशिलांना संकेताची गरज नाही. म्हणून इतिहासाचा आधार तेथे शोधावा लागतो.

या घटनेचे वर्णन बहुधा केवळ धर्मप्रसारकांचे हौतात्म्य असे केले जाते. त्यामुळे तिच्यातील खरा ताण नजरेआड होतो. पोप बावीसावा जॉन याच्या कारकीर्दीत, १३१८ मध्ये, मार्से येथे चार स्पिरिच्युअल भिक्षूंना पाखंडी ठरवून जाळण्यात आले होते. ख्रिस्त व त्याचे शिष्य यांच्याकडे काहीच मालमत्ता नव्हती, हे मतही १३२३ मध्ये पाखंडी ठरले. म्हणजे टोमासोच्या अस्थींचा पूर्वेत आदर होत असताना ज्या ध्येयासाठी त्याने तुरुंगवास सोसला, त्याच्या पुरस्कर्त्यांना पश्चिमेत छळ सोसावा लागत होता. टोमासोचे स्वतःचे लेखन ज्ञात नाही. क्लारेनोने पंथाच्या सात संकटांचा जो इतिहास लिहिला, त्याच्या आधारेच त्याची मनोभूमिका समजून घ्यावी लागते. तो इतिहास पक्षपाती आहे, पण छळ सोसलेल्या माणसाचा आहे.

याच पोपने १३२९ मध्ये दोन डोमिनिकनांविषयी निर्णय घेतले. माइस्टर एक्‌हार्ट (सु. १२६०–१३२८) हा जर्मन भाषेतून प्रवचने देणारा मोठा गूढवादी होता. आत्म्याच्या तळाशी ईश्वर व आत्मा यांच्यात भेद उरत नाही, अशा आशयाच्या त्याच्या अठ्ठावीस विधानांवर मार्च १३२९ मध्ये ठपका ठेवण्यात आला. त्याच वर्षी जॉर्दानची कोल्लमच्या बिशपपदी नेमणूक झाली. जॉर्दान हा गूढवादी नव्हे. त्याच्या मिराबिलिआ (आश्चर्यवर्णन) या ग्रंथात फणस आहे, आंबा आहे, छप्पर नसलेल्या मनोऱ्यात प्रेते ठेवणारे अग्निपूजक आहेत. स्वतः पाहिलेले आणि विश्वासू लोकांकडून ऐकलेले यांत तो भेद करतो. आपण न गेलेल्या ‘तिसऱ्या हिंदुस्थाना’विषयी तो तसे स्पष्टच सांगतो. प्रत्यक्ष व शब्द या प्रमाणांतील हा विवेक विद्यापीठीय शिक्षणाचा संस्कार होय. ग्रंथाचे हेन्‍री यूलकृत इंग्रजी भाषांतर १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

चौल–रेवदंडा : कुंडलिकेच्या मुखाशी उत्तर तीरावर रेवदंडा व दक्षिण तीरावर कोर्लईची टेकडी आहे. प्राचीन चेमुल किंवा सिमुल्ल बंदराच्या या परिसरात निजामशाहीच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये किल्ल्याचे काम सुरू केले. कोर्लई त्यांनी १५९४ मध्ये जिंकली. सोळाव्या शतकात तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टीनियन व जेझुइट या पंथांचे मठ उभे राहिले.

हे पंथ म्हणजे तत्त्वज्ञानातील वेगवेगळे संप्रदायही होते. डोमिनिकनांचा आधार अक्वाय्‌नस. फ्रान्सिस्कन बोनाव्हेंतुरा व डन्स स्कोटस (सु. १२६६–१३०८) यांना मानीत. ऑगस्टीनियनांनी १२८७ मध्येच रोमच्या जाइल्सचे मत पंथाचे अधिकृत मत म्हणून स्वीकारले होते. जेझुइटांच्या १५९९ च्या अभ्यासविधीप्रमाणे तत्त्वज्ञानात ॲरिस्टॉटल व ईश्वरशास्त्रात अक्वाय्‌नस अनुसरावयाचा होता. ईश्वरप्राप्तीत बुद्धी श्रेष्ठ की इच्छाशक्ती, हा डोमिनिकन व फ्रान्सिस्कन यांच्यातील जुना वाद. ज्ञान आणि भक्ती यांच्या श्रेष्ठतेविषयीचा वाद ऐकून असलेल्या प्रदेशात तो नारळी–पोफळीच्या वाड्यांना लागून असलेल्या मठांत येऊन राहिला, ही गोष्ट कुतूहलजनक आहे. दोन्ही बाजूंचा संवाद मात्र झाला नाही. मठ व्यापारी ठाण्याच्या तटाआड होते आणि धर्मांतराच्या धोरणामुळे परस्परविश्वासाला जागा नव्हती.

उच्च अध्यापनाचे केंद्र गोवा हे होते. तेथील सेंट पॉल महाविद्यालयात १५५६ मध्ये हिंदुस्थानातील पहिले मुद्रणयंत्र सुरू झाले. त्यावर प्रथम छापली गेली ती वादसभेसाठी तयार केलेली तत्त्वज्ञानविषयक प्रतिज्ञावाक्ये. त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. या देशातील मुद्रणाचा प्रारंभ स्कोलॅस्टिक वादपत्रिकेने झाला, याची नोंद मुद्रणाच्या इतिहासात होते, तत्त्वज्ञानाच्या इतिहासात सहसा होत नाही.

दर्शनपर ध्यानाची मध्ययुगीन पद्धतीही जेझुइटांबरोबर आली. चौदाव्या शतकातील कार्थुसियन भिक्षू लुडोल्फ याने ख्रिस्तचरित्रातील प्रत्येक प्रसंग जणू डोळ्यांसमोर घडत आहे, असे कल्पून ध्यान करण्यास शिकविले होते. इग्नेशिअस लॉयोलाने (१४९१–१५५६) जखमी अवस्थेत हा ग्रंथ वाचला आणि पुढे आपल्या साधनाविधीत त्या पद्धतीला शिस्त लावली. या संस्कारात वाढलेला इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) याचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे प्रसिद्ध झाले. लॅटिन ईश्वरशास्त्र मराठीत आणताना त्याने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखे रूढ शब्द स्वीकारले, तर काही संज्ञा पोर्तुगीज–लॅटिन रूपातच ठेवल्या. कोणता शब्द घ्यावा आणि कोणता टाळावा, या निवडीतच त्याची तत्त्वचर्चा आहे. त्या दृष्टीने या ग्रंथाचा अभ्यास भाषिक अभ्यासाच्या मानाने कमी झाला आहे.

चौल १७४० च्या तहाने मराठ्यांकडे आले आणि मठ ओस पडले. रेवदंड्याच्या किल्ल्यात चर्चच्या भिंती, कमानी व ‘सातखणी’ नावाने ओळखला जाणारा उंच मनोरा माडांच्या दाटीत उभे आहेत. अवशेषांचे व कोरीव लेखांचे पहिले महत्त्वाचे वर्णन गोव्यात जन्मलेले वैद्य व इतिहाससंशोधक जूझे गेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केले.

अभ्यासाची साधने : मीन्य याने संपादिलेली लॅटिन धर्माचार्यांच्या ग्रंथांची २२१ खंडांची माला (१८४४–६४) सदोष असली, तरी अनेक ग्रंथांसाठी तीच हाताशी असते. पोप तेरावा लिओ याच्या १८७९ च्या परिपत्रकानंतर अक्वाय्‌नसच्या ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती हाती घेण्यात आली. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत लॅटिन ही अभिजात भाषा म्हणून दीर्घकाळ घेता येत असे. श्रीलंकेतील कँडी येथील पोपप्रणीत धर्मविद्यालय १९५५ मध्ये पुण्यास आले व स्कोलॅस्टिक तत्त्वज्ञानाच्या पद्धतशीर अध्यापनाची महाराष्ट्रात सोय झाली.

तुलनात्मक अभ्यासात गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांचा महाराष्ट्रातील गूढवादावरील इंग्रजी ग्रंथ (१९३३) अग्रगण्य होय. तुकारामांच्या व्याकुळतेच्या काळाचे विवेचन त्यांनी ख्रिस्ती गूढवाद्यांच्या ‘आत्म्याची काळोखी रात्र’ या संज्ञेच्या साहाय्याने केले. जर्मन विद्वान रूडोल्फ ओटो याने १९२६ मध्ये एक्‌हार्ट व शंकराचार्य यांची तुलना केली होती. दोघांच्याही विवेचनात साम्यावर भर आहे. एक्‌हार्टने लॅटिनबरोबर जर्मन, मेख्‌टिल्टने नीच जर्मन, पोरेतने फ्रेंच आणि ज्ञानेश्वरांनी मराठी वापरली, हे समकालीन साम्य सिद्धांतांच्या साम्याइतकेच विचारार्ह आहे. भाषा बदलताच श्रोता बदलतो आणि तेथूनच अधिकाऱ्यांची शंका सुरू होते. एक्‌हार्टवरील आरोपांत सामान्य जनांपुढे असे बोलणे हाही एक आरोप होता.

कोर्लईच्या पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून बनलेली एक बोली आजही घरात बोलतात. तिला ती ‘नौ लिंग’ म्हणजे आमची भाषा म्हणतात. गावातील चर्च माउंट कार्मेलच्या मातेचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) तेथील उपासनेची मुख्य भाषा रोमन पंथातील इतर चर्चप्रमाणे लॅटिन होती. त्यानंतर तेथे मराठी आली.